काळ्या-पांढऱ्या तसबिरींसाठीं घरगुती प्रिंटर

बीड जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या घरीं गेलें असतां ओसरीवरील भिंतीवर, आढ्याच्या जवळ, जराशा पुढें झुकलेल्या दोन-तीन तसबिरी बहुधा दिसतात. फेटा बांधलेले आजोबा खुर्चीवर बसलेले, शेजारीं नऊवारी नेसलेली आजी उभी, आणि मागें पडद्यावर रंगविलेली कमान व जिना. या काळ्या-पांढऱ्या तसबिरींना साठ-सत्तर वर्षें होऊन गेलीं, तरी चेहरे अद्याप ओळखूं येतात. त्याच घरांतील १९८० च्या सुमाराच्या लग्नाचे रंगीत फोटो मात्र तांबूस पडलेले आढळतात. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतील फोटो तर कागदावर आलेलेच नसतात. ते मोबाइलच्या पोटांत असतात. आणि मोबाइल पाण्यांत पडला, हरवला किंवा बिघडला म्हणजे त्याच्याबरोबर तेहि जातात.

ही हानि किती मोठी आहे, हें या जिल्ह्यांतील श्रोत्यांना निराळें सांगावयास नको. दसरा झाला कीं ऊसतोडीसाठीं येथून लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात. मागें गांवीं म्हातारीं माणसें राहतात, कित्येकदां लहान मुलेंहि राहतात. एखाद्या घरांतील वडील माणूस गेलें म्हणजे तेराव्याला पाटावर ठेवावयास फोटो हवा असतो. मग कोणाच्या तरी लग्नांतील घोळक्याचा फोटो शोधून काढावयाचा, त्यांतून चेहरा कापावयाचा, तो ताणून मोठा करावयाचा, आणि जें अंधुक चित्र हातीं येईल त्याला हार घालावयाचा, अशी धावपळ होते. माणूस हयात असतांनाच घेतलेला व नीट छापलेला एक तरी फोटो घरांत असणें, ही चैन नव्हे.

म्हणून पुष्कळ घरांत हल्लीं असा विचार निघूं लागला आहे कीं, एक लहानसा प्रिंटर घेऊन ठेवावा आणि अधूनमधून चार काळे-पांढरे फोटो घरींच छापावे. विचार चांगला आहे. परंतु दुकानांत गेल्यावर यंत्रांची रांग पाहून गृहस्थ गोंधळतो, आणि बहुधा जें यंत्र सर्वांत सुंदर फोटो काढून दाखवील तें घेऊन घरीं येतो. वर्षभरानें तेंच यंत्र कपाटावर धूळ खात पडतें. असें कां होतें, आणि तें टाळून निवड कशी करावी, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

या सर्व प्रश्नाची किल्ली “अधूनमधून” या एका शब्दांत आहे. साधारणपणें यंत्र वापरानें झिजतें. शिवणाचें यंत्र सहा महिने झांकून ठेवलें तरी चार थेंब तेल घातल्यावर पुन्हां चालूं लागतें. शाईचा प्रिंटर याच्या अगदीं उलट वागतो. तो वापरानें जितका झिजतो त्याहून अधिक न वापरल्यानें बिघडतो. त्याच्या हेडमध्यें शेंकडों छिद्रें असतात आणि प्रत्येक छिद्र माणसाच्या केसाहून बारीक असतें. कांहीं यंत्रांत शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्याच्या जोरानें थेंब बाहेर फेकला जातो. कांहींत विजेच्या दाबानें आकुंचन पावणाऱ्या स्फटिकाच्या योगानें तो ढकलला जातो. रीत कोणतीहि असो, छिद्राच्या तोंडाशीं शाई वाळली कीं थेंब निघत नाहीं, आणि छापलेल्या चेहऱ्यावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. यंत्राला स्वतःचीं छिद्रें साफ करण्याची सोय असते. पण त्या सफाईंत महागाची शाई वाहून जाते व यंत्राच्या तळाशीं असलेल्या शोषक गादींत मुरते. ती गादी भरली म्हणजे यंत्र काम थांबवितें. याचा अर्थ असा कीं, सहा महिन्यांनीं एक फोटो छापणाऱ्याची बरीचशी शाई फोटोवर नव्हे, तर गादींत खर्च होते.

अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. सुमारें चाळीस फूट लांबीच्या या वस्त्रावर दासोपंतांनीं पंचीकरणाचा विषय लिहिला. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ हा होय. म्हणजे या अक्षरांना चारशें वर्षें झालीं. त्यांना लेखनासाठीं रोज एका ढबूची शाई लागत असे, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका बाजूस ठेविली तरी तींतून या विषयाला उपयोगी पडेल असा एक विचार सुचतो. रोज लिहिणाऱ्याच्या दौतींतील शाई कधीं वाळत नाहीं. ज्याचें लिहिणें सणावारीं व्हावयाचें, त्यानें मात्र दौतीची काळजी आधीं करावी. घरगुती प्रिंटरची निवड करतांना उत्तम फोटो निघण्याचा एक दिवस डोळ्यांसमोर न ठेवितां, यंत्र बंद राहणार असलेले उरलेले दिवस डोळ्यांसमोर ठेवावे.

आतां काळ्या-पांढऱ्या फोटोकडे वळूं जातां पहिलाच एक गैरसमज आड येतो. अनेकांना वाटतें कीं, फोटो काळा-पांढरा छापावयाचा, तर केवळ काळ्या शाईचें स्वस्त यंत्र पुरे. परंतु काळा-पांढरा म्हणविला जाणारा फोटो खरोखर करड्या छटांचा असतो. आजीच्या गालावरील सुरकुती काळीहि नसते व पांढरीहि नसते; ती दोन करड्या छटांमधील फरक असते. एकट्या काळ्या शाईनें ही छटा दाखवावयाची म्हणजे काळे ठिपके विरळ पेरावे लागतात, आणि उजळ गालावर ते वाळूच्या कणांप्रमाणें दिसूं लागतात. काळ्या भुकटीचा लेसर प्रिंटरहि याच जातीचा. त्याची भुकटी वाळत नाहीं, तो वर्षभर पडून राहिला तरी पहिल्या दिवशीं चालतो, आणि सातबाराचा उतारा, अर्ज किंवा मुलांच्या प्रश्नपत्रिका यांसाठीं त्याच्यासारखा सोबती नाहीं. पण त्यावरील फोटोला वर्तमानपत्रांतील चित्राची कळा येते. शाईच्या प्रिंटरसाठीं असलेला चकचकीत कागद त्यांत घालणें तर धोक्याचें आहे. कारण लेसर यंत्रांत भुकटी उष्णतेनें वितळवून बसविली जाते, आणि त्या उष्णतेनें कागदावरील लेप वितळून यंत्राला चिकटूं शकतो.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे चार बाटल्यांचा नेहमींचा टाकीवाला प्रिंटर. त्यांत काळी, निळी, किरमिजी व पिवळी अशा चार शाया असतात. यांपैकीं कांहीं यंत्रांतील काळी शाई केवळ साध्या कागदावरील अक्षरांसाठीं असते. फोटोचा चकचकीत कागद घातला कीं यंत्र ती बाजूस ठेवतें आणि उरलेल्या तीन रंगांच्या मिश्रणानें काळा व करडा रंग तयार करतें. तीन रंगांचें प्रमाण किंचित् ढळलें तरी आजोबांचा पांढरा फेटा हिरवट किंवा गुलाबी दिसूं लागतो. तोच फोटो खिडकीशीं बरा दिसतो आणि रात्रीं दिव्याखालीं निराळ्याच रंगाचा भासतो. दोष फोटो काढणाराचाहि नव्हे व कागदाचाहि नव्हे. करडा रंग रंगांतून उसना आणल्याचा तो परिणाम आहे.

म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोसाठीं शाईचें यंत्र घ्यावयाचेंच असेल, तर दुकानदारास पहिला प्रश्न असा विचारावा कीं, “यांत करड्या शाईची निराळी बाटली आहे काय?” एप्सनच्या एल ८१६० व एल ८१८० या नमुन्यांत फोटोची काळी व करडी अशा दोन शाया आहेत. कॅननच्या जी ६७० मध्येंहि सहा शायांपैकीं एक करडी आहे. उलट एप्सनच्या एल ८०५० मध्यें शाया सहाच असल्या तरी अधिकच्या दोन शाया फिक्या निळ्या व फिक्या किरमिजी आहेत. रंगीत फोटोला त्या उपकारक, पण काळ्या-पांढऱ्याला करडीची जागा त्या भरून काढीत नाहींत. नमुने बदलत राहतील, अंकहि बदलतील. बाटल्यांची संख्या न मोजतां करडी शाई शोधावी, हें तत्त्व मात्र बदलावयाचें नाहीं.

याच्याहि वरच्या पायरीवर छायाचित्रकारांचीं यंत्रें आहेत. २०२० सालीं निघालेलीं एप्सनचें पी ७०० व कॅननचें प्रो ३०० हीं दोन्ही दहा-दहा शायांचीं आहेत आणि काळ्या-पांढऱ्या प्रती फार सुंदर देतात. परंतु दहा शाया म्हणजे वाळूं शकणाऱ्या दहा शाया, हें गृहस्थानें विसरूं नये. ज्याच्या घरीं आठवड्याला दोन-चार मोठे फोटो छापले जात नाहींत, त्याच्या दारीं असलें यंत्र म्हणजे बैलजोडीच्या कामाला बांधलेला हत्ती होय.

चवथा प्रकार पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि अधूनमधून छापणाऱ्यास तोच बहुधा सोयीचा पडतो. यांत पातळ शाई मुळींच नसते. रंगाचा लेप दिलेली एक फीत असते. ती तापवून तींतील रंग वाफेच्या रूपानें कागदांत उतरविला जातो, आणि शेवटीं वरून एक पारदर्शक थर बसतो. कॅननचा सेल्फी सीपी १५०० हा या जातीचा नमुना असून, तो १०० बाय १४८ मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाएवढा, फोटो देतो. फीत व कागद एकत्र मिळतात. जितके कागद तितकेच फोटो, त्यामुळें एका फोटोचा खर्च आधींच ठाऊक असतो. यंत्र आठ महिने डब्यांत ठेवलें तरी वाळावयास त्यांत कांहीं नसतें. उणिवा दोन आहेत. पोस्टकार्डाहून मोठा फोटो निघत नाहीं. आणि करडा रंग येथेंहि तीन रंगांतूनच होत असल्यामुळें किंचित् झांक येऊं शकते. शिवाय धूळ हा त्याचा वैरी आहे. फितीवर धुळीचा कण बसला कीं तेथें ठिपका राहतो. म्हणून वापर झाल्यावर यंत्र व फीत पिशवींत घालून ठेवावीं.

फोटो किती वर्षें टिकेल, हा यापुढचा प्रश्न. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळांत, जेव्हां बीड हाहि हैदराबाद संस्थानाचाच भाग होता, कागदावरील प्रतिमा चांदीच्या कणांची असे. पुढील काळ्या-पांढऱ्या तसबिरीहि चांदीच्याच. चांदी हा धातु आहे. नीट धुतलेली प्रत पिढ्यान् पिढ्या राहते. नंतरच्या रंगीत फोटोंत मात्र चांदीच्या जागीं रंगद्रव्यें आलीं, आणि त्यांतील निळसर रंग आधीं उडाल्यामुळें १९८० चीं लग्नें तांबूस झालीं. प्रिंटरच्या शाईंतहि हाच भेद आहे. एक शाई पाण्यांत विरघळलेल्या रंगाची, तर दुसरी न विरघळणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची. पहिली चकचकीत कागदावर खुलते; दुसरी उजेडाला व हवेला अधिक काळ दाद देत नाहीं. कणांच्या काळ्या शाईंतील कण कोळशाच्या काजळीचेच असतात. आपल्याकडील पोथ्यांची जुनी शाई काजळ व डिंक यांची असे. ती का टिकली, याचें उत्तर यांतच आहे.

विरघळलेल्या रंगाच्या शाईचा एक प्रसंग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. २००० सालीं एका नामांकित कंपनीच्या नव्या प्रिंटरवर छापलेले फोटो कांहीं ग्राहकांच्या घरीं थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडूं लागले. उन्हांत ते ठेवलेले नव्हते. शोध करतां असें दिसलें कीं, हवेंतील ओझोन वायु सच्छिद्र कागदांत शिरून निळसर रंगाचा नाश करीत होता. त्यानंतर शाया पुष्कळ सुधारल्या. तथापि धडा कायम आहे: उघड्या हवेंत टांगलेला फोटो आणि कांचेआड ठेवलेला फोटो यांचें आयुष्य सारखें नसतें. कंपनी जेव्हां शंभर वर्षांचें आश्वासन देते, तेव्हां तें बहुधा वहींत मिटून ठेवलेल्या फोटोचें असतें, भिंतीवरच्या फोटोचें नव्हे. तें बारीक अक्षरांत वाचून घ्यावें.

आतां बीडच्या हवेचा विचार. बहुतेक प्रिंटरांच्या पुस्तिकेंत असें लिहिलेलें असतें कीं, यंत्र १० ते ३५ अंश उष्णतेंत चालवावें. येथें तर मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडी होते आणि छिद्रांतील शाई लवकर वाळते. पत्र्याच्या खोलींत उन्हाळाभर ठेवलेलें यंत्र पावसाळ्याच्या आरंभीं मुकें झालेलें आढळलें, तर त्यांत नवल नाहीं. यंत्र घरांतील सर्वांत थंड खोलींत, चुलीपासून व उन्हाच्या खिडकीपासून दूर, वर धुतलेलें कापड झांकून ठेवावें. पावसाळ्यांत कागद दमट होऊन वळतो. तो मूळच्या पिशवींत बंद करून ठेवावा आणि लागेल तितकाच काढावा.

दुसरी गोष्ट विजेची. परळीचें औष्णिक वीजकेंद्र याच जिल्ह्यांत असलें, तरी खेड्यापाड्यांत वीज मध्येंच जाणें नवें नाहीं. प्रिंटर स्वतःच्या बटनानें बंद केला म्हणजे हेड आपल्या जागीं जाऊन बसतें व त्याच्यावर रबराचें झांकण येतें. फोटो निघत असतां वीज गेली किंवा कोणी भिंतीवरचें बटन दाबलें, तर हेड मध्येंच उघडें राहतें, आणि उघड्या हेडांतील शाई वाळावयास वेळ लागत नाहीं. म्हणून वीज आल्याबरोबर यंत्र एकदां चालूं करून त्याच्या स्वतःच्या बटनानेंच बंद करावें. या एका सवयीनें पुष्कळ यंत्रें वांचतात. याशिवाय शाईचें यंत्र असेल तर दर आठ-पंधरा दिवसांनीं सर्व रंगांचा एक लहान नमुना छापावा. सोमवारच्या बाजाराच्या यादीबरोबर मुलांचें एखादें रंगीत चित्र छापलें तरी चालेल. ज्याला हें व्रत पाळवणार नाहीं, त्यानें शाईच्या यंत्राच्या वाटेस जाऊं नये.

आतां हिशेब. समजण्यापुरतें असें धरावें कीं, यंत्र वीस हजार रुपयांचें आहे, तें पांच वर्षें चाललें, आणि वर्षाला वीस फोटो छापले. पांच वर्षांत फोटो झाले शंभर. म्हणजे कागद व शाई यांचा खर्च धरण्यापूर्वींच प्रत्येक फोटोच्या डोक्यावर दोनशें रुपये बसले. वर्षाला दोनशें फोटो छापणाऱ्या घरीं हाच आंकडा वीसवर येतो. प्रत्येकानें गेल्या वर्षीं खरोखर किती फोटो छापावेसे वाटले, ते बोटांवर मोजावे. पुढच्या वर्षीं किती छापूं, हा अंदाज मनुष्य नेहमीं चढाच करतो.

या मोजणीवरून तीन प्रकारचीं घरें निघतात. ज्या घरीं वर्षाला पांच-दहा फोटो हवे असतात, त्यानें प्रिंटर घेऊंच नये. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगांव यांसारख्या गांवीं छायाचित्रकारांचीं दुकानें आहेत. तेथून निवडक फोटो वर्षांतून दोनदां, दिवाळीस व उन्हाळ्याच्या सुटींत, एकदम छापून आणावे. मोठ्या यंत्रशाळेंत आजहि फोटो बहुधा रसायनांनीं धुतल्या जाणाऱ्या कागदावर निघतात. तो कागद रंगीत फोटोचाच असल्यामुळें काळ्या-पांढऱ्याला झांक येऊं शकते. म्हणून आधीं एकच लहान प्रत मागवून पाहावी आणि मग उरलेल्या सांगाव्या. भिंतीवरची मोठी तसबीर तर कोणत्याहि घरानें अशीच करवून घ्यावी.

ज्या घरीं महिन्या-दोन महिन्यांनीं चार लहान फोटो छापावेसे वाटतात, परगांवच्या मुलाला आजीचा फोटो पाठवावयाचा असतो, परंतु मध्यें कित्येक आठवडे यंत्र उघडलें जात नाहीं, त्या घरानें फितीचें लहान यंत्र घ्यावें. त्याला जागा थोडी लागते, देखभाल नाहीं, आणि पोस्टकार्डाचा आकार कपड्यांच्या पेटींत, कोपीवरहि, नेतां येतो.

ज्या घरीं शिक्षक आहे, मुलें शिकतीं आहेत, दर आठवड्यास रंगीत-साधें कांहींतरी छापलें जातेंच, त्या घरीं करड्या शाईचें टाकीवालें यंत्र शोभतें. तेथें रोजचें काम छिद्रें वाहतीं ठेवतें आणि फोटोला त्याचा आयता लाभ मिळतो. केवळ अर्ज व प्रश्नपत्रिका छापावयाच्या असतील, तर काळ्या भुकटीचा लेसर घ्यावा व फोटो दुकानांतून आणावे. दोन कामें एका यंत्राच्या गळ्यांत बांधण्याचा हट्ट धरूं नये.

यंत्र घेण्याचें ठरलें म्हणजे दुकानांत जातांना आपल्याच घरचा एक फोटो बरोबर न्यावा. दुकानांतील नमुन्याचे फोटो फुलांचे व पोपटांचे असतात. त्यावरून करड्या छटांची परीक्षा होत नाहीं. एखाद्या वृद्ध माणसाचा, पांढऱ्या फेट्याचा किंवा पांढऱ्या केसांचा फोटो काळा-पांढरा छापून मागावा. तो आधीं दुकानाच्या दिव्याखालीं आणि मग दाराबाहेर उजेडांत पाहावा. केसांतील रेषा दिसतात काय, काळ्या कोटाची घडी कोटांतच बुडून गेली काय, आणि उजेड बदलतांच रंग बदलतो काय, या तीन गोष्टी पाहाव्या. नंतर विचारावें कीं, शाईच्या बाटल्या किंवा फिती बीडमध्यें मिळतात कीं छत्रपती संभाजीनगरहून मागवाव्या लागतात. हेड सुटें बदलतां येतें काय. आणि बिघाड झाला तर दुरुस्तीचा माणूस कोठून येतो. पुण्याच्या माणसाला जें यंत्र सोयीचें, तें पाटोद्याच्या माणसाला सोयीचें असेलच असें नाहीं.

छापण्यापूर्वीं मूळ फोटो मिळवावा. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला फोटो वाटेंत लहान झालेला असतो. त्याची लांब बाजू बहुधा सोळाशें ठिपक्यांच्या आसपास उरते. चार बाय सहा इंची फोटोला इंचास तीनशें ठिपके या मानानें १२०० बाय १८०० ठिपके लागतात, तेव्हां त्या आकाराला तो कसाबसा पुरतो. आठ बाय दहा इंचांना मात्र २४०० बाय ३००० लागतात. तेथें तो पुरत नाहीं, आणि चेहरा मेणाचा दिसतो. ज्यानें फोटो काढला त्याच्या मोबाइलवरून मूळ फोटो कागदपत्र म्हणून मागवावा. जुन्या तसबिरीची नक्कल करावयाची असेल, तर ती कांचेंतून सोडवून, स्कॅनरवर ठेवून उतरवावी. कांचेला चिकटलेली असेल तर ओढून काढूं नये, कारण प्रतिमेचा थर कांचेवरच राहतो.

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाशतो आणि कागद दुसऱ्याच्या प्रकाशावर दिसतो. म्हणून पडद्यावर योग्य वाटलेला फोटो कागदावर काळवंडतो. यासाठीं एकाच कागदावर त्याच चेहऱ्याच्या चार लहान प्रती, एकीपेक्षां दुसरी थोडी उजळ अशा, छापून पाहाव्या. अंधाऱ्या खोलींत फोटो धुणारे जुने छायाचित्रकारहि मोठी प्रत करण्यापूर्वीं कागदाच्या पट्टीवर अशीच परीक्षा घेत. शाईची प्रत निघाल्याबरोबर कांचेंत बसवूं नये. ती एक दिवस सावलींत वाळूं द्यावी. कांच व फोटो यांच्यामध्यें जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवावी, म्हणजे पावसाळ्यांत फोटो कांचेला चिकटत नाहीं. भिंत निवडतांना जिच्यावर दुपारचें ऊन येत नाहीं आणि जिला ओल येत नाहीं, अशी निवडावी.

शेवटीं एक काम असें आहे कीं, ज्याला कोणतेंच यंत्र लागत नाहीं. फोटोच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें, माणसाचें पूर्ण नांव, गांव व साल लिहून ठेवावें. चकचकीत कागदाच्या पाठीवर पेन्सिल उठत नसेल, तर साध्या कागदाची चिठ्ठी लिहून चौकटींत मागें ठेवावी. जुन्या घरांतील पुष्कळ तसबिरी शाबूत आहेत. परंतु फेटा बांधलेले ते गृहस्थ कोण, हें सांगणारें माणूस उरलेलें नाहीं. आणि प्रत एक न काढतां दोन काढाव्या: एक स्वतःच्या घरीं, दुसरी बहिणीच्या किंवा मुलीच्या घरीं. यंदा ऊसतोडीला निघण्यापूर्वीं, किंवा दिवाळीस मुलें गांवीं येतील तेव्हां, घरांतील वडील माणसाला दाराच्या सावलींत खुर्चीवर बसवून एक स्वस्थ फोटो घ्यावा आणि तो कोठूनहि, कोणत्याहि बऱ्या यंत्रावर, छापून घ्यावा. प्रिंटर त्यानंतर सावकाश निवडला तरी चालेल.